गाळलेलं वाक्य

शामुवेल पाळकांचं सामान दोन लोखंडी पेट्या, एक पलंग आणि पुस्तकांच्या चार गोण्या एवढंच निघालं. निंबाने ते टेम्पोत चढवलं, दोरीने आवळून बांधलं. सव्वीस वर्षं एका गावात काढून पाळक आता संगमनेरला मुलीकडे राहायला चालले होते. दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. मंडळीतली माणसं रस्त्याच्या कडेला उभी होती. बायका पदराने डोळे पुसत होत्या.

"नवे पाळक जूनपर्यंत येतील, असं वरून कळवलंय," पाळक म्हणाले. मग निंबाचा हात हातात घेऊन म्हणाले, "तोवर मंडळी तुमच्यावर."

तुमच्यावर म्हणजे सगळ्यांवर, असं निंबाला वाटलं. टेम्पो सोनगीरच्या दिशेने वळला, धूळ खाली बसली आणि लोक आपापल्या घरी गेले.

गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याजवळ ख्रिस्ती लोकांची तीसेक घरं. आजोबांच्या वेळेपासूनची. मधोमध पत्र्याचं प्रार्थनामंदिर. पाळक नगरकडचे, त्यांची मराठी पुस्तकातली. इथल्या म्हाताऱ्या माणसांना अहिराणीखेरीज काही कळायचं नाही. म्हणून पहिल्या महिन्यापासूनच सातवी शिकलेला निंबा त्यांच्या डाव्या हाताला उभा राहू लागला. पाळक एक वाक्य बोलायचे आणि थांबायचे. निंबा ते आपल्या बोलीत सांगायचा. पाळक हात वर करायचे, निंबाही करायचा. आठवड्याचे सहा दिवस तो दुसऱ्याच्या शेतात वाकलेला असायचा. मालक 'ए निंबा' म्हणून बांधावरून हाक मारायचे. रविवारी मात्र पांढरा सदरा घालून तो उभा राहिला, की सत्तर-ऐंशी माणसं त्याच्या तोंडाकडे बघायची.

पाळक गेल्यानंतरच्या रविवारी राजदीप सर त्याच्याजवळ आले. सर पंचकमिटीचे प्रमुख. धुळ्याला शाळेत शिकवायचे, देवपूरला राहायचे आणि रविवारी मोटारसायकलवर गावी यायचे.

"निंबाभाऊ, संदेश तुम्हीच द्या. सव्वीस वर्षं देताच आहात."

"मी कुठे देत होतो, सर? पाळक देत होते."

"लोकांनी ऐकलं तुमच्याच तोंडून ना?"

निंबा उभा राहिला. शास्त्रातला एक भाग त्याने वाचून दाखवला. वाचून झाल्यावर पुस्तक मिटलं आणि सवयीने उजवीकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. माणसं वाट बघत होती. बाहेर कोणाची तरी शेळी ओरडत होती. निंबाने तोंड उघडलं. ते मिटलं, पुन्हा उजवीकडे पाहिलं. कानशिलांवरून घाम खाली उतरायला लागला.

पहिल्या सतरंजीवर बसलेली द्रौपदाबाई म्हणाली, "बोल ना रे भाऊ. आम्ही ऐकी राहिनूत."

मागून कोणीतरी हसलं. निंबाने डोळे मिटले, "प्रार्थना करूत," म्हणाला आणि पाळकांची नेहमीची प्रार्थना पाठ म्हणून मोकळा झाला.

लोक बाहेर पडताना त्याच्याशी हात मिळवत होते, पण डोळ्यांकडे कोणी बघत नव्हतं. त्याचा मोठा भाऊ भटू खिडकीजवळच्या आपल्या जागेवरून उठला आणि उजवा हात कांबळ्यात लपेटून निघून गेला. तो नेहमीच तसा जायचा. त्याच्यापुढच्या रविवारी मात्र तो आलाच नाही.

मग कांद्याची लागण सुरू झाली. पहाटे धुई पडायची. वाफ्यांत पाणी सोडलेलं असायचं आणि त्या गार चिखलात उकिडवं बसून एकेक रोप बोटाने खोचायचं. निंबा आणि त्याची बायको कुंदाबाई एकाच टोळीत होते. तासाभरात पायांच्या बोटांची जाणीव जायची. कुंदाबाईचा हात भरभर चालायचा, निंबा मागे पडायचा.

"पाळकांचा उजवा हात आज सुस्त शे का?" टोळीतली एक बाई म्हणाली. बाकीच्या हसल्या. कुंदाबाई हसली नाही. तिने सरकून नवऱ्याच्या सरीतली चार हात रोपं लावून टाकली.

रविवार येतच राहिले. निंबा वाचायचा, प्रार्थना म्हणायचा, जुन्या संदेशातलं आठवेल ते सांगायचा. निम्मं सांगून झालं की पुढचं हरवायचं. हायवेवर सोनगीरच्या अलीकडे एका हॉलमध्ये नवी सभा सुरू झाली होती. तिथे ढोलक होतं, माईक होता, न्यायला-आणायला गाडी होती. आधी तरुण पोरं गेली, मग त्यांच्या आया. नाताळाला मंदिरात एकोणीस माणसं होती. जानेवारीच्या पहिल्या रविवारी अकरा.

पाळक नसल्यामुळे महिन्याचं प्रभुभोजनही बंद होतं. भाकर आणि प्याला पाळकाच्याच हातून मिळायचा. म्हातारी माणसं त्यासाठी हळहळायची. निंबा त्यांच्याबरोबर मान हलवायचा, पण मनात त्याला बरं वाटायचं. खांद्यावरची पाटी कोणीतरी उतरवून घ्यावी तसं. का बरं वाटतं, हे तो स्वतःला विचारत नव्हता.

विचारलं ते द्रौपदाबाईने.

उपासना संपली होती. निंबा सतरंज्या झटकत होता. म्हातारी काठी टेकत त्याच्याजवळ आली.

"निंबा, एक इचारू का? भोजनना आगोदर पाळक लंबं बोले. तू मातर दोन शबदमा आटपी टाके. 'मन साफ ठेवा, मंग या.' तो इतलं काय सांगे रे?"

"तेच सांगे, अक्का. मराठीमा लंबं व्हस."

"मंग बाकीनं कसं बराबर व्हये? तो एक बोले, तू एक बोले. तितलंच कसं लंबं व्हये?"

तिच्या आवाजात संशय नव्हता. न समजलेली गोष्ट मरायच्या आत समजून घ्यावी, इतकंच तिला वाटत होतं. निंबा सतरंजीची घडी घालत राहिला. "पुढे कव्हय तरी सांगसू," तो म्हणाला. म्हातारी "बरं," म्हणून गेली.

त्याने सगळ्या सतरंज्या रचल्या. झाडू मारला. दार लावलं आणि पायरीवर बसला.

पाळक त्या जागी काय म्हणायचे ते त्याला पाठ होतं. भावाच्या मनात आपल्याविषयी काही सल आहे असं इथे बसल्यावर आठवलं, तर भाकरीला हात लावू नका; उठा, आधी भावाकडे जा, आणि मग या. दोन भावांचं बोलणं तुटलं तेव्हापासून दर महिन्याला ते हे सांगायचे. आणि दर महिन्याला निंबा ते गाळायचा. अकरा वर्षं.

अकरा वर्षांपूर्वी दोघे भाऊ एकत्र होते. जोडीने जनावरं, जोडीने खळं. खळ्यात कुट्टीची मशीन होती. एका दुपारी भटू कडबा घालत होता आणि निंबा पेंढ्या आणून देत होता. लाईट गेली. मशीन थांबली. पात्यांत कडबा अडकला होता. तो काढायला भटूने आत हात घालण्याआधी विचारलं, "बटण बंद शे ना?"

निंबाच्या खांद्यावर पेंढी होती. बटण त्याच्या पाठीमागे, दोन पावलांवर होतं. तो वळला नाही. "हो," म्हणाला.

लाईट आली. भटूच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

धुळ्याच्या दवाखान्यातून भटू परत येईपर्यंत गावात विचारणं सुरू झालं होतं. निंबा सगळ्यांना सांगत होता, "भाऊनी इचारंच नही. तसाच हात घाला." पहिल्यांदा ते घाबरून तोंडातून निघालं होतं. दुसऱ्यांदा सोपं गेलं. भटू परतला तेव्हा लोक त्याला म्हणत होते, घाई करायला नको होती रे. भटूने एकदा निंबाकडे पाहिलं. मग त्याने खळ्याच्या मधोमध काटे टाकले, जनावरं वाटून घेतली आणि बोलणं बंद केलं. लोकांना वाटलं, हात गेल्यामुळे माणूस तिरसट झाला.

निंबा संध्याकाळी घरी आला. कुंदाबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. त्याने तिला सगळं सांगितलं. सांगताना तो तव्याकडे बघत होता.

"तुम्ही बटण देखेल नव्हतं?" तिने विचारलं.

"नही."

"आन भाऊजींनी इचारेल व्हतं?"

"हो."

तव्यावरची भाकरी करपली. तिने ती उलटली नाही.

"अकरा वरीस मी बेबाबाईसंगे बोलनी नही," ती म्हणाली. "एकच भिताड शे आमनं. तिनी पोरना लगीनले मी गई नही. ती बिमार व्हती तव्हय पाणीना तांब्या दिन्हा नही मी तिले. तुमनासाठे."

बेबाबाई भटूची बायको. लग्न होऊन आल्यापासून दोघी जावा एका ताटात जेवायच्या. कुंदाबाईने करपलेली भाकरी ताटात टाकली, ताट नवऱ्यापुढे सरकवलं आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. दुसऱ्या दिवशी ती त्याला न उठवता टोळीबरोबर गेली. वाफ्यात त्याच्यापासून चार बायका सोडून बसली. त्याची सरी मागे राहिली, तशीच राहिली. तिसऱ्या दिवशीही तसंच. घरात तो 'पाणी दे' म्हणाला की पाणी मिळायचं. त्याच्यापलीकडे शब्द नव्हता. निंबाला वाटलं, आपल्याला एवढी बोली येते, दुसऱ्याचं म्हणणं सव्वीस वर्षं लोकांपर्यंत पोचवलं, आणि या बाईला सांगायला आपल्याजवळ काहीच नाही.

गुरुवारी त्याने काम बुडवलं आणि भटूच्या शेतावर गेला.

भटूचं शेत नाल्यापलीकडे, जेमतेम दीड बिघा. टोळीत त्याला कोणी घेत नसे, कारण हात चालत नव्हता. तो आणि बेबाबाई आपलीच लागण आपण करायचे. निंबा बांधावर पोचला तेव्हा भटू चिखलात बसला होता. रोपांची जुडी उजव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांत दाबून धरलेली, डाव्या हाताने एकेक उपसून खोचत होता. जुडी पुन्हा पुन्हा चिखलात पडत होती. तो ती उचलायचा, पाण्यात हलवून धुवायचा, परत बोटांत बसवायचा. निंबा बराच वेळ बघत राहिला. हे त्याने कधी जवळून पाहिलं नव्हतं.

"काय काम शे?" भटूने मान वर न करता विचारलं.

निंबा वाफ्यात उतरला. उभ्याने बोलवेना, म्हणून खाली बसला. पाणी धोतरातून वर चढलं.

"भाऊ, तू तव्हय माले इचारं व्हतं. बटण बंद शे का म्हनीसन. मी देखं नही. तसाच हो म्हणनू. आन मंग गावले खोटं सांगं."

भटूने हातातलं रोप लावलं. दुसरं उपसलं, तेही लावलं.

"हाई माले सांगाले उना?" तो म्हणाला. "मीच इचारं, मीच ऐकं. माले काय नवं शे त्यामा?"

पलीकडच्या वाफ्यातून बेबाबाई उठून उभी राहिली होती. ती जवळ आली नाही.

"माले मराठी समजस, निंबा," भटू म्हणाला. "नाशिकले बांधकामवर चार वरीस व्हतू मी. तू भुली गया का? भोजनना आगोदर पाळक काय सांगे, ते बठ्ठं समजे माले. आन तू काय सांगस ते बी ऐकू. दर महिनाले खिडकीजोडे बसीसन वाट देखू. म्हनू, आज सांगी. आज तरी सांगी." त्याने हाताच्या पाठीने नाक पुसलं. "पाळक गया. आते कसानी वाट देखू? म्हनीसन येनं बंद कयं."

भटू भाकरी-प्याला घ्यायला कधीच पुढे येत नसे, हे त्याला आठवलं. लोक म्हणायचे, हात दाखवायला लाजतो.

"भाऊ, मी काय करू?"

"आठे सांगू नको. गावले सांगं व्हतं ना तू? तठे सांग." भटूने जुडी उचलली. "आते ऊठ. रोपं चेंदाई राहिनात."

निंबा उठला. त्याच्या बसण्याने सात-आठ रोपं दबली होती.

रविवारी मंदिरात बारा माणसं होती. राजदीप सर होते, द्रौपदाबाई होती. कुंदाबाई आली होती, पण बायकांच्या अगदी मागे बसली होती. गाणं झालं, वाचन झालं. तेवढ्यात दारातला उजेड अडला. भटू आत आला आणि दाराजवळच, चपलांच्या कडेला बसला.

निंबाने पुस्तक मिटलं. आज त्याने उजवीकडे पाहिलं नाही.

"मी साक्ष देस," तो म्हणाला. आवाज इतका बारीक होता, की द्रौपदाबाईने कानामागे हात धरला. "भाऊना हातनी गोट शे. त्यानी माले इचारं व्हतं. बटण बंद शे का म्हनीसन. मी न देखता हो म्हणनू. त्यानी चूक नव्हती. मी तुम्हले बठ्ठासले खोटं सांगं. आन पाळक दर महिनाले भोजनना आगोदर जे सांगे, ते मी तुम्हले सांगं नही. माले लागू व्हये म्हनीसन."

मग पाळक काय सांगायचे ते त्याने सांगितलं. भावाच्या मनात सल असेल तर भाकरीला हात न लावता उठायचं आणि आधी भावाकडे जायचं. त्याच्या बोलीत ते वाक्य फारसं लांब झालं नाही.

द्रौपदाबाई पुढे वाकली.

"परत एकदाव सांग," ती म्हणाली. "मी अकरा वरीस ऐकेल नही."

निंबाने परत सांगितलं. दुसऱ्या वेळी ते जास्त जड गेलं, कारण म्हातारी प्रत्येक शब्दाला ओठ हलवत होती. तिचं झाल्यावर त्याने दाराकडे पाहिलं. भटू उठला होता. त्याने खांद्यावरचं कांबळं सारखं केलं, वाकून चपला घातल्या आणि तो गेला.

उपासना कशीबशी आटपली. राजदीप सरांनी निंबाला बाजूला घेतलं.

"हे तुम्ही आधी आम्हाला एकट्यात सांगायला हवं होतं, निंबाभाऊ."

"हो, सर."

"मंडळी आधीच विस्कटली आहे. त्यात हे. लोक म्हणतील, संदेशही असेच फिरवून सांगितले असतील." सरांनी खिशातून मोटारसायकलची किल्ली काढली. "नवे पाळक येईपर्यंत तुम्ही पुढे उभं राहू नका. मी येऊन वाचून दाखवीन."

"म्हाताऱ्यांना कळणार नाही, सर."

"बघू काहीतरी."

"बरं, सर," निंबा म्हणाला.

सगळे गेले. कुंदाबाईही न थांबता गेली. त्याने सतरंज्या झटकल्या, झाडू मारला. पुढे जिथे तो उभा राहायचा ती जागा सोडून भिंतीशी बसला. पत्रा तापायला लागला होता, मधूनच कडकड वाजत होता. पाठ असलेली प्रार्थना तोंडाशी आली. त्याने ती म्हटली नाही. सव्वीस वर्षांत इथे आपण आपलं स्वतःचं एकही वाक्य देवाशी बोललो नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. बोलायचं तर कोणत्या बोलीत, तेही ठरेना.

"देवा," तो शेवटी म्हणाला, "मी आठे शे."

पुढे काही सुचलं नाही. तो तसाच बसून राहिला. बाहेरून बायका धुणं घेऊन गेल्या, कोणाचा तरी ट्रॅक्टर गेला. भूक लागली तेव्हा तो उठला. इतका वेळ गप्प बसून आपल्याला लाज वाटली नाही, याचं त्याला नवल वाटलं.

सोमवारी पहाटे टोळीची गाडी आली. कुंदाबाई चढली. तिने वर चढून मागे पाहिलं.

"येतस ना?" तिने विचारलं. आठ दिवसांतला तिचा हा पहिला सवाल होता.

"नही. मी भाऊना वावरमा जास."

गाडी सुटता सुटता तिने आपल्या फडक्यातल्या दोन भाकरी काढून त्याच्या हातात दिल्या.

तो नाला ओलांडून गेला तेव्हा धुई होती, बांध दिसत नव्हता. भटू आणि बेबाबाई वाफ्यात बसलेले होते. निंबाने चपला काढल्या आणि काठावर उभा राहिला. भटूने वर पाहिलं. बऱ्याच वेळाने त्याने हनुवटीने एक वाफा दाखवला.

निंबाने जुडी घेतली आणि कामाला लागला. ऊन चढलं, पाठ भरून आली, नखांत चिखल गेला. जेवायच्या वेळी भटू आणि बेबाबाई बोरीखाली बसले. निंबा दुसऱ्या बांधावर बसून आपल्या भाकरी कोरड्याच खाऊ लागला. बेबाबाई उठली. तिने एका पानावर ठेचा आणला, त्याच्यापासून हातभर लांब बांधावर ठेवला आणि तोंड न बघता परत गेली. निंबाने हात लांबवून पान ओढून घेतलं.

सूर्य कलला तेव्हा दोन वाफे बाकी होते. भटू निंबाच्या वाफ्यापाशी आला आणि सरीसरीने बघत गेला. एका ठिकाणी रोपं फार खोल गेली होती. तो खाली बसला, ती एकेक उपसली आणि डाव्या हाताने पुन्हा वर बसवली. निंबा शेजारी उभा राहून बघत होता.

"इतलं खोल दाबू नको," भटू म्हणाला. "वरना वर ठेव."

"बरं."

भटूने पाटातल्या पाण्यात हात धुतले. आधी डावा, मग उजवा. धोतराला पुसले आणि कांबळं खांद्यावर टाकून घराकडे निघाला. बेबाबाई त्याच्यामागे चालू लागली. नाल्याच्या उतारावर पोचल्यावर तो थांबला, पण वळला नाही.

"सकाळे लवकर येजो," तो म्हणाला. "ऊन चढाना आगोदर आटपनं शे."